पार्किंग काढणाऱ्या बाई

मुंबई महापालिकेने २०२४ मध्ये पहिला हवामान अर्थसंकल्प, म्हणजे कुठल्या कामाने किती कार्बन कमी होणार याचा हिशेब, काढला, तेव्हा मी तो मुद्दाम वाचला. ही पद्धत मूळची कुठली हे शोधत नॉर्वेच्या राजधानीपर्यंत, ओस्लोपर्यंत पोचलो आणि तिथे लान मारी न्गुयेन बर्ग हे नाव सापडलं. तेव्हापासून त्यांच्याबद्दल लिहायचं मनात होतं.

जन्म १९८७ चा. आधी हवामान संशोधन संस्थेत काम. २०१५ मध्ये ग्रीन पक्षाकडून ओस्लोच्या नगर सरकारात आल्या, वय अठ्ठावीस. खातं पर्यावरण आणि वाहतुकीचं. आपल्यासारखा राज्याने नेमलेला आयुक्त तिथे कारभार हाकत नाही. प्रत्येक खात्याला राजकीय प्रमुख असतो, आणि नगरसभेचा विश्वास उडाला की त्याची खुर्ची जाते.

या सरकारने २०१७ सालासाठी पहिला हवामान अर्थसंकल्प मांडला, तोही पैशांच्या अर्थसंकल्पातच. बस विजेवर न्यायच्या, बांधकामावरचं डिझेल बंद करायचं, अशा कामांपुढे किती टन कार्बन कमी होणार आणि ते कुठल्या विभागाने करायचं, हे लिहिलेलं. भाषणातलं ‘आम्ही कटिबद्ध आहोत’ कुणालाही जमतं. टनांचा आकडा आणि त्यापुढे खात्याचं नाव लिहायला हिंमत लागते.

मग बर्ग लोकांच्या गाड्यांपर्यंत पोचल्या. शहराच्या मध्यातल्या सातशेहून जास्त पार्किंगच्या जागा काढल्या. जिथे दिवसभर एक गाडी उभी असायची, तिथे बाक आला, झाडाची कुंडी आली, सायकलची मार्गिका गेली. दुकानदार चिडले. पुढे विरोध धोरणाचा राहिलाच नाही. बर्ग यांचं व्हिएतनामी मूळ काढून शिव्या, जिवे मारण्याच्या धमक्या. एका पार्किंगच्या जागेसाठी माणूस इतक्या खाली जातो, हे वाचून मी अस्वस्थ झालो होतो.

२०१९ मध्ये ओस्लोत एकही पादचारी किंवा सायकलस्वार रस्ते अपघातात गेला नाही. सात लाखांच्या घरातलं शहर! वेगमर्यादा कमी करणं, रस्त्यावरची जागा गाड्यांकडून काढून घेणं, हे अनेक वर्षांचं आणि अनेकांचं काम. पण त्यासाठी शिव्या खाणाऱ्यांत बर्ग पुढे होत्या. त्याच वर्षी ओस्लोत त्यांच्या पक्षाची मतं ८.१ वरून १५.३ टक्क्यांवर गेली.

त्यांचं सगळंच बरोबर होतं असं मी म्हणणार नाही. कचरा उचलायचं काम नव्या खासगी कंत्राटदाराकडे गेलं आणि दारोदार पिशव्या साचल्या, हजारो तक्रारी आल्या. शेवटी ते काम पालिकेने स्वतःकडे घेतलं. आणि पाण्याचं प्रकरण तर गंभीरच. ओस्लोच्या नव्या पाणीपुरवठा प्रकल्पाचा खर्च वाढला, तो त्यांनी नगरसभेला वेळेवर कळवला नाही, असा आरोप झाला. जून २०२१ मध्ये अविश्वास ठराव मंजूर झाला. सरकारचे प्रमुख रेमंड योहानसेन यांनी सगळ्यांचाच राजीनामा दिला. नवं सरकार पुन्हा त्यांचंच आलं, पण बर्ग यांच्याशिवाय.

मला हे योग्य वाटतं. कार्बनचा हिशेब मागणाऱ्या बाईंना पैशांचाही हिशेब वेळेवर द्यायला हवा होता. पण धमक्या देणारे आणि हा ठराव आणणारे यांना एका माळेत कुणी ओवू नये. पहिल्यांना बाईच नको होती, दुसऱ्यांना उत्तर हवं होतं.

त्याच सप्टेंबरात ओस्लोच्या मतदारांनी बर्गना संसदेत पाठवलं. २०२३ मध्ये शहरात उजव्यांची सत्ता आली. हवामान अर्थसंकल्प मात्र त्यांनीही चालू ठेवला.