नाकींनी ते हृदय काढलं नव्हतं

व्हॉट्सॲपवर अधूनमधून उगवणारा एक मजकूर बहुतेकांनी वाचला असेल. हॅमिल्टन नाकी नावाचा केपटाऊनचा एक निरक्षर माळी. जगातलं पहिलं हृदय प्रत्यारोपण खरं तर त्यानेच केलं, पण श्रेय गोऱ्या डॉ. ख्रिश्चन बर्नार्डने लाटलं. पुढे त्याने 50 हजार शस्त्रक्रिया केल्या, 30 हजार सर्जन घडवले आणि विद्यापीठाने त्याला 'मास्टर ऑफ मेडिसिन' ही पदवी दिली. खाली तात्पर्य: पदवी नको, जिद्द हवी.

माणूस खरा आहे, म्हणून तर हे सगळं गळी उतरतं. नाकी 1926 साली ट्रान्सकाईतल्या एका खेड्यात जन्मले. चौदाव्या वर्षी शाळा सुटली, पोटासाठी केपटाऊन गाठलं आणि विद्यापीठात बागकाम, टेनिस कोर्टांची निगा अशा कामावर लागले. चौदाव्या वर्षापर्यंत शाळेत गेलेल्या माणसाला निरक्षर म्हणायचं कशाला, हे मजकूर लिहिणाऱ्यालाच ठाऊक. हा मुद्दा इथेच सोडू.

आता ते हृदय. 3 डिसेंबर 1967, ग्रूट शूर हॉस्पिटल. डेनिस डार्वाल ही 25 वर्षांची मुलगी आदल्या दिवशी आईबरोबर रस्ता ओलांडत असताना मोटारीने दोघींना उडवलं. आई जागीच गेली, डेनिसचा मेंदू निकामी झाला. तिचं हृदय लुई वॉशकान्स्की या दुकानदाराला बसवलं आणि तो 18 दिवस जगला. डेनिसचं हृदय काढायला बर्नार्डचा धाकटा भाऊ मारियस आणि टेरी ओ'डोनोव्हन होते. नाकी तिथे नव्हते आणि असणं शक्यही नव्हतं. ते प्राण्यांच्या प्रयोगशाळेतले कर्मचारी. वर्णभेदाच्या त्या राजवटीत इस्पितळाचे वॉर्डसुद्धा कातडीच्या रंगाने विभागलेले होते. पहिल्या खेपेला दाता आणि रुग्ण दोघेही गोरेच हवेत, अशी खबरदारी चमूने घेतली होती. काळ्या माणसांवर प्रयोग केले, असा आरोप त्यांना नको होता. तो चमू त्याच रात्री एका काळ्या माळ्याला गोऱ्या मुलीच्या छातीवर सुरी चालवू देईल?

ही दंतकथा व्हॉट्सॲपने जन्माला घातलेली नाही, हेही सांगायला हवं. नाकी 2005 च्या मे महिन्यात वारले तेव्हा 'इकॉनॉमिस्ट' आणि 'न्यू यॉर्क टाइम्स'सारख्यांनी मृत्युलेखात दात्याचं हृदय नाकींनीच काढलं असं छापलं. काही आठवड्यांत दोघांनाही दुरुस्ती छापावी लागली. मृत्युलेख जगभर फिरला, दुरुस्ती कुणी वाचली नाही.

बर्नार्डने श्रेय लाटलं म्हणावं, तर कुणाचं? त्याच्याविरुद्ध खरी तक्रार नॉर्मन शमवे आणि रिचर्ड लोअर या अमेरिकी सर्जनांना करता आली असती. हृदय कसं कापायचं आणि कसं शिवायचं, ती पद्धत त्यांनी स्टॅनफर्डमध्ये कुत्र्यांवर वर्षानुवर्षं बसवली. बर्नार्डने तीच वापरली. अर्थात तोही आयत्या बिळावरचा नागोबा नव्हता. आतड्याचा काही भाग न बनताच जन्मणाऱ्या बाळांचं काय बिघडतं, हे त्याने जे. एच. लाऊ यांच्याबरोबर कुत्रीच्या गर्भातल्या पिल्लांवर दाखवून दिलं होतं: गर्भातच आतड्याचा रक्तपुरवठा तुटतो. मग मिनेसोटात उमेदवारी, डॉक्टरेट, आणि 1958 मध्ये केपटाऊनला परत. माणसाकडे वळण्याआधी सुमारे 50 कुत्र्यांवर हृदय प्रत्यारोपणाचा सराव. आपल्याकडे परळच्या केईएममध्ये डॉ. पी. के. सेन यांनी फेब्रुवारी 1968 मध्ये हृदय बदललं, त्याच्याही मागे कुत्र्यांवरची अनेक वर्षांची मेहनत होती. रुग्ण जेमतेम तीन तास जगला.

आकड्यांचं म्हणाल, तर साधा भागाकार करा. नाकी प्रयोगशाळेत आले 1954 मध्ये आणि निवृत्त झाले 1991 मध्ये. म्हणजे 37 वर्षं. 50 हजार शस्त्रक्रिया म्हणजे वर्षाला साडेतेराशे. वर्षाचे 300 कामाचे दिवस धरले तरी रोज चारपेक्षा जास्त. शिवाय वर्षाला 800 सर्जन शिकवायचे!

हे सगळं आणखी खटकतं, कारण खरं काम काही कमी नव्हतं. 1954 मध्ये प्रयोगशाळेतले संशोधक रॉबर्ट गेट्झ यांना एका जिराफावर काम करताना धरायला दणकट माणूस हवा होता. पाणी प्यायला इतकी लांब मान खाली घालूनही जिराफाला भोवळ का येत नाही, हा त्यांचा प्रश्न. नाकी मदतीला आले आणि तिथेच राहिले. आधी पिंजरे धुणं, मग भूल देणं, मग टाके, मग अख्खी शस्त्रक्रिया. पुढे सर्जन रोझमेरी हिकमन यांच्याबरोबर डुकरांवर यकृत प्रत्यारोपण. हे काम काय असतं? यकृत काढायचं तर आतड्यांकडून येणारी मोठी शीर चिमट्यात धरावी लागते. रक्त तुंबून आतडी सुजू लागतात, खालच्या महाशिरेतून हृदयाकडे रक्त परतत नाही, रक्तदाब कोसळतो. डुकराला हे फार वेळ सोसत नाही. तेवढ्या वेळात पातळ भिंतींच्या शिरा एकमेकींना अशा जोडायच्या, की टाका गळू नये आणि शीर आवळलीही जाऊ नये. हे नाकी करत, आणि शिकायला आलेल्या डॉक्टरांना करून दाखवत. शिवण्यात नाकींचा हात आपल्यापेक्षा सफाईदार, अशी कबुली खुद्द बर्नार्डने उतारवयात दिली. माझ्या मते दंतकथेला पहिलं खत इथेच मिळालं. प्रयोगशाळेतल्या हाताबद्दलचं कौतुक लोकांनी उचलून थेट ऑपरेशन थिएटरात नेलं.

पदवीचंही तसंच. 2003 मध्ये केपटाऊन विद्यापीठाने त्यांना वैद्यकशास्त्रातली मानद एमएस्सी दिली, ती कुलपती ग्रासा माशेल यांच्या हस्ते. आदल्या वर्षी राष्ट्रीय सन्मानही मिळाला होता. पण मानद पदवीने रुग्णाला हात लावायचा परवाना मिळत नाही, आणि त्यांनी तो मागितल्याचंही कुठे नाही.

उरलं तात्पर्य. पदवी नको असं नाकींनी ठरवलं नव्हतं. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये व्हिव्हियन थॉमस या काळ्या सहायकाच्या वाट्यालाही हेच आलं होतं. 1944 मध्ये 'निळ्या बाळा'वरच्या (हृदयातल्या जन्मजात दोषाने अंग निळं पडलेल्या बाळावरच्या) पहिल्या शस्त्रक्रियेत सर्जन ब्लॅलॉकच्या मागे स्टुलावर उभं राहून ते सूचना देत होते. डॉक्टर व्हायची त्यांची फार इच्छा होती, पण साठवलेले पैसे मंदीत बुडाले. केपटाऊनमध्ये तर कायदाच आडवा होता. 1959 नंतर काळ्या विद्यार्थ्याला या विद्यापीठात शिरायचं तर मंत्र्याची परवानगी लागे. प्रवेश मिळालाच, तरी गोऱ्यांच्या वॉर्डात मनाई होती आणि गोऱ्या माणसाचं शवविच्छेदन सुरू झालं की वर्गाबाहेर जावं लागे. नाकी गोऱ्या डॉक्टरांना शिरा शिवायला शिकवत होते, ती वर्षं हीच.