पांढरा कांदा, पाहुणे आणि भांग

मार्च संपत आला की आमच्याकडे दोन गोष्टी जोरात येतात, पांढरा कांदा आणि पाहुणे. कांदा निदान वर्षातून एकदाच येतो.

मी अलिबागचा. हो, तेच ते 'अलिबागसे आया है क्या'वालं अलिबाग. या वाक्यावर बंदी घाला म्हणून आमच्याकडचा एक जण 2019 मध्ये हायकोर्टात गेला होता, पण कोर्टाने याचिका फेटाळली, विनोद सगळ्यांवरच होतात म्हणे, मनावर घेऊ नका. मला विचाराल तर याचिका 'या शनिवारी अलिबागला येतोय हां' या वाक्याविरुद्ध करायला हवी होती. तिथे मी स्वतः साक्षीदार म्हणून उभा राहिलो असतो.

तर बुधवारी मेव्हण्याचा फोन. "भाओजी, विशेष काही करू नका हां, फक्त ताईला म्हणावं वालाचं बिरडं." फक्त! पूर्वी वडखळच्या ट्रॅफिकला घाबरून निम्मे पाहुणे घरीच गळायचे, पण 2020 पासून भाऊच्या धक्क्यावर गाडीच बोटीत चढते आणि तासाभरात मांडव्याला उतरते, त्यामुळे तीही आशा संपली.

बिरडं म्हणजे काय ते खाणाऱ्याला कळत नाही, सोलणाऱ्याला कळतं. बुधवारी रात्री वाल भिजत, गुरुवारी फडक्यात बांधून मोड, शुक्रवारी रात्री कोमट पाण्याचं पातेलं मधे घेऊन आम्ही दोघं समोरासमोर. वाल अंगठा आणि बोटाच्या मधे धरून हलकेच दाबायचा, की साल हातात आणि दाणा पातेल्यात, अशी थिअरी. माझ्या हातून दाणा टीव्हीखाली जातो. दीड तासात माझी एक वाटी झाली, त्यातले अर्धे फुटलेले. बायको म्हणाली "राहू दे तुम्ही, लाइट बिल भरा जा".

शनिवारी मंडळी आली, बिरडं दहा मिनिटांत संपलं, आणि "चला कांदे घ्यायला". जवळच्या कार्ले गावाच्या बाजूला गेलो. आमच्याकडे भात कापला की त्याच जमिनीत हा कांदा लावतात, फेब्रुवारी-मार्चमध्ये काढतात, पातीसकट सुकवतात आणि मग बायका बसून त्या सुक्या पातीची वेणी घालत माळ करतात. एक आजी माळ विणत होत्या, हात इतका भरभर की बघत राहावं, एक कांदा आत, पातीला पीळ, दुसरा कांदा, पुन्हा पीळ. मेव्हण्याने विचारलं, "आजी, ही माळ रेडीमेड येते का?" आजींनी माझ्याकडे बघितलं. मी समुद्र कुठल्या दिशेला आहे ते बघायला लागलो.

मग वहिनींनी "हे ओरिजनल कशावरून" सुरू केलं. आता या कांद्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालंय, त्यामुळे बाहेरचा पांढरा कांदा अलिबागचा म्हणून खपवणारे पण वाढलेत, शंका चुकीची नाही, पण ज्या शेतात उभ्या आहात तिथेच विचारताय! आजींनी एक कांदा बुक्कीने फोडून हातावर ठेवला, खा म्हणाल्या. वहिनींनी खाल्ला, डोळ्यांत टिपूस नाही, गोडसर लागतो तो. मग सहा माळा. सातवी त्यांच्या धाकट्याने गळ्यात घालून सेल्फी काढताना तोडली, तिचे पैसे मी दिले.

रविवारी किल्ला. कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येतं हे पाहुण्यांना माहीत असतं, ओहोटी कधी हे मला माहीत असावं अशी अपेक्षा असते. आमच्याकडे सोपा हिशोब आहे, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. त्या दिवशी अष्टमी, म्हणजे भरती सहाला आणि ओहोटी बारा वाजता. मी ऐटीत बारा सांगितले. भर उन्हात वाळूवर पोचलो तर पाणी हटायचं नावच नाही, किल्ला तिकडे आणि आम्ही इकडे. घोडागाडीवाला आरामात म्हणाला, "आज भांग आहे ना शेट."

मेव्हण्याचे डोळे चमकले. "भांग? इथे पण मिळते?"

त्याला समजवावं लागलं की अमावस्या-पौर्णिमेला उधाण असतं, तेव्हा पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं पण, आणि अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, ना धड चढत ना धड ओसरत. हे मला शाळेपासून पाठ आहे, फक्त घरातून निघताना आठवत नाही. शेवटी घोडागाडी केली. घोडा पाण्यात, चाकं पाण्यात, वहिनींची ओढणी पाण्यात, आणि वजन जास्त होतंय म्हणून उतरून मांडीभर पाण्यातून चालत गेलेला घरचा माणूस मी. आत गणपतीचं दर्शन घेतलं. काय मागितलं ते सांगत नाही.

संध्याकाळी गाडी भरली. सहा माळा डिकीत होत्याच, वर बायकोने स्वयंपाकघरातल्या खिळ्यावरच्या आमच्या दोन्ही काढून दिल्या, "आपल्याला काय, इथेच मिळतो". सोमवारी सकाळी आमलेटला कांदा नाही. मार्केटमध्ये गेलो, भाजीवाला न विचारताच म्हणाला, "पाहुणे गेले वाटतं", आणि किलोभर नाशिकचा लाल कांदा तोलून दिला. तो चिरताना मात्र ढसाढसा रडलो.

दुपारी मेव्हण्याने फॅमिली ग्रुपवर माळांचा फोटो टाकला, खाली बायकोच्या चुलतभावाचं लगेच उत्तर, "अरे वा, या शनिवारी आम्ही पण!" मी कॅलेंडर बघितलं. शनिवारी चतुर्दशी येते, जवळजवळ उधाणच, ओहोटी साडेचारला, ऊन उतरलेलं, किल्ल्यापर्यंत मस्त चालत जाता येईल. हे मी कोणालाही सांगणार नाहीये.