फेब्रुवारीत मोजलेलं गाव

परवा रात्री झोप येईना म्हणून २०११ च्या जनगणनेची बीड जिल्ह्याची पुस्तिका उघडून बसलो. असतो एकेकाला छंद. आमचं गाव त्यात एका ओळीत संपतं. गावात बस येत नसेल तर ती किती लांबवर मिळते, ते तिथं एका अक्षरात लिहितात: पाच किलोमीटरच्या आत, पाच ते दहा, किंवा दहाच्या पुढं. आमचं पहिल्या गटात. कागदावर बरंच दिसतं. फाट्यापासून गावापर्यंतच्या चार किलोमीटरमध्ये एक ओढा आहे, तो त्या अक्षरात मावत नाही.

पण मी अडकलो लोकसंख्येच्या आकड्यावर. पाचशेला थोडी कमी! चैत्रातल्या जत्रेला आमच्याकडं पंगत बसते तेव्हा पाहुणे वजा केले तरी सातशेच्या वर पत्रावळ्या लागतात. मग बाकीची माणसं गेली कुठं?

उत्तर आमच्याकडं शेंबडं पोरगंही सांगेल. ऊसतोडीच्या फडात. २०११ ची मोजणी ९ ते २८ फेब्रुवारी या दिवसांत झाली. त्या सगळ्या काळात जो घरी नव्हता, त्याला घरच्या पत्त्यावर धरायचं नाही, असेल तिथं मोजायचं, असा नियम. दसरा झाला की आमचं अर्धं गाव कोयता घेऊन बाहेर पडतं आणि पाडव्याच्या आगंमागं परततं. म्हणजे मोजलं असेलच तर साखर कारखान्याजवळच्या कोपीवर, त्यांच्या तिथल्या झोपडीवर. आमची माणसं तिकडच्या गावाच्या लोकसंख्येत जमा, आणि त्या गावाला डांबरी रस्ता केव्हाच झालेला.

आता हा आकडा कुठं लागतो बघा. पंतप्रधान ग्रामसडक योजना २००० साली आली. सपाट भागात वस्ती किमान पाचशेची हवी. डोंगरी, आदिवासी भागाला अडीचशेची सवलत आहे, आमच्या तालुक्याला नाही. २०२४ मध्ये चौथा टप्पा मंजूर झाला, देशभरातल्या २५,००० वस्त्यांसाठी, आणि त्याला आधार २०११ च्या जनगणनेचा. म्हणजे पंधरा वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीत घरी कोण होतं, यावर आज रस्ता ठरणार. घरी होती म्हातारी माणसं आणि त्यांच्याजवळ ठेवलेली लेकरं. खरं तर गाडीची गरज त्यांनाच जास्त, पण ती भरत नाहीत पाचशे.

आमची आजी ऐंशीच्या पुढची. २०२२ पासून पंचाहत्तरीच्या वरच्यांना एसटी फुकट, २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट. आजीनं आधार कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलंय. पण फाट्यावर जायला जीपवाला तीस रुपये घेतो, परत यायला तीस. फुकटच्या गाडीपर्यंत पोचायला साठ रुपये! वर जीप भरेपर्यंत झाडाखाली बसायचं. आम्ही एकदा तालुक्याला एका कार्यालयात गाडी मागायला गेलो, तर साहेब म्हणाले, 'प्रवासी किती मिळतील?' आता गाडीच नाही तर प्रवासी मोजायचे कसे, हे विचारायचं राहून गेलं.

माझं म्हणणं एवढंच, ऊसतोडीच्या तालुक्यांत रस्त्यासाठी मतदार यादी नाहीतर रेशन कार्डावरची माणसं धरा. रेशन कार्डावर नावं फुगवतात असं कुणीतरी कमेंटमध्ये लिहीलच. फुगवतात, मान्य. पण फुगवलेली चार नावं तपासून कमी करता येतात. न मोजलेला माणूस कागदावर पुन्हा येतच नाही.

आणि आमच्या रस्त्यानं गाडी येऊच शकत नाही असंही नाही. दरवर्षी दसऱ्यानंतर मुकादमाचा, म्हणजे आगाऊ उचल देऊन तोडणीला माणसं नेणाऱ्याचा, ट्रक थेट मारुतीच्या पारापर्यंत येतो, संसारासकट माणसं भरून नेतो. ओढा त्याला कधी आडवा आला नाही.

पुढची मोजणी फेब्रुवारी २०२७ मध्ये आहे. काल तात्याला फोन करून सांगितलं, त्या महिन्यात चार दिवस तरी गावाकडं येऊन जा, नाव लागंल. तात्या म्हणाला, 'उचल घेतल्यावर मुकादम सोडतोय व्हय? तूच ये पुण्यावरून, माझं म्हणून तुझं लाव.'