काळ्या माणसाला गणपतीला बोलावल्यास घ्यावयाची काळजी

परवा आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती होता. (न्यू जर्सीत बाप्पासुद्धा शनिवार-रविवार बघून येतात, ते असो.) आरतीला मी ऑफिसातल्या एका मित्राला बोलावलं. मित्र काळा आहे. पुढच्या तीन तासांत आपल्या मंडळींकडून मला जे शिकायला मिळालं, ते इथे नव्यानं येणाऱ्या मराठी बांधवांच्या उपयोगी पडावं, एवढ्यासाठीच हा प्रपंच.

पाहुणा दारात बूट काढतोय तोवर सोफ्यावरची पर्स उचलून मांडीवर घ्या. अगदी सहज, पदर सारखा करावा तशी.

मग विचारा, "तुम्ही मूळचे कुठले?" तो जॉर्जिया म्हणेल. तेवढ्यावर सोडायचं नाही. "हो, पण मूळचे?" ज्याचे खापरपणजोबा जॉर्जियात दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचत होते, त्याला हे विचारणार कोण, तर २०११ साली एच-वन-बी व्हिसावर उतरलेले गृहस्थ. त्याच्या पूर्वजांना गाव, भाषा, देव, काहीच सोबत ठेवू दिलं नाही आणि पुष्कळांना आडनावही मालकाचंच चिकटलं. आडनाव ऐकून समोरच्याची पंगत ठरवणाऱ्यांना हे जरा जड जाणार, मान्य आहे.

त्याच्या इंग्रजीचं कौतुक करायला विसरू नका.

त्याच्याबद्दल जे बोलायचं ते त्याच्यासमोरच, पण मराठीतून बोला. 'कल्लू' हा शब्द त्याला कळत नाही, असं समजून चाला. देशी लोकांबरोबर आयटीत पंधरा वर्षं काढलेल्या माणसाला 'चाय'नंतर कळलेला दुसरा शब्द तोच असतो, पण तो तसं दाखवत नाही. मोदक खातो आणि "व्हेरी गुड" म्हणतो.

राजकारण निघालं तर कमला हॅरिसवर मत हवंच. २०२० साली ती उपाध्यक्षपदी निवडून आली तेव्हा 'आपली मुलगी' होती. २०२४ मध्ये ट्रम्पसाहेब शिकागोत काळ्या पत्रकारांसमोर बसून म्हणाले की ही तर भारतीय होती, अचानक काळी झाली. तेव्हा आपल्यातल्याही पुष्कळांच्या माना डोलल्या. आई तमिळ, वडील जमैकाचे, शिक्षण हॉवर्डसारख्या काळ्यांच्या विद्यापीठात. एका माणसात दोन गोष्टी असू शकतात, हे अर्धनारीनटेश्वराला हात जोडणाऱ्यांना पटेना.

घर बघताना 'काळ्यांचा एरिया' म्हणू नका. 'शाळा चांगल्या नाहीत' म्हणा, अर्थ तोच पोचतो. तीसच्या दशकात सरकारी नकाशांवर काळ्यांच्या वस्त्या लाल रंगानं रंगवल्या, तिथे कर्ज देणं धोक्याचं ठरवलं. आमच्या न्यू जर्सीतल्या नेवार्कचाही असा नकाशा आहे. कर्ज नाही म्हणून घराला किंमत नाही, किंमत नाही म्हणून घरपट्टी कमी, आणि शाळा चालतात घरपट्टीवर. एवढा खोलात कशाला शिरायचं? घरं शोधायच्या झिलो साइटवर शाळेला दहापैकी तीन दिसले की टॅब बंद करा.

आता सर्वांत महत्त्वाचं वाक्य पाठ करा: "आम्ही मेहनतीनं वर आलो, यांना काय झालंय?" हे वाक्य मसालेभाताबरोबर आलं. मेहनत केलीत, नाही कोण म्हणतंय? पण आत कसे आलात? १९२३ साली इथल्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं होतं की भारतीय माणूस गोरा नाही, त्याला नागरिकत्व नाही. अगदी 'आम्ही आर्य' असा दावा करून झाला होता, तरी नाही. १९४६ मध्ये दार किलकिलं झालं, ते वर्षाला १०० माणसांपुरतं. शंभर! आपल्या मंडळाच्या दिवाळीला यापेक्षा जास्त गाड्या पार्किंगमध्ये असतात. दार उघडलं १९६५ च्या इमिग्रेशन कायद्यानं. त्याच वर्षी मार्चमध्ये अलाबामातल्या सेल्माच्या पुलावर काळी माणसं मतदानाच्या हक्कासाठी पोलिसांच्या लाठ्या खात होती, त्यांच्यातल्या जॉन लुईस या तरुण नेत्याची कवटी फुटली होती. वंश बघून माणसं निवडणं लाजिरवाणं वाटावं, एवढी या देशाची मान त्यांनी खाली घालायला लावली, तेव्हा तुमच्या डॉक्टर मामांना व्हिसा मिळाला. आणि त्या कायद्यानं इथे आणले कोण? तर डॉक्टर आणि इंजिनियर, निवडून निवडून. चाळणीनं चाळून घेतलेले गहू कोंड्याला मेहनत शिकवतायत! २०२३ मध्ये कॉलेज प्रवेशात वंश बघायचा नाही असा निकाल लागला, तर व्हॉट्सॲपवर पेढे. माजी विद्यार्थ्यांच्या पोरांना प्रवेशात झुकतं माप देणारी मागची वाट त्या निकालानं बंद केली नाही, त्याबद्दल मात्र कोणी चकार शब्द काढला नाही.

गोऱ्यांच्या बाजूला उभं राहिलं की आपणही गोरे दिसतो, असं वाटतं का तुम्हाला? २०१५ साली अलाबामात नातवाला सांभाळायला आलेले एक गुजराती आजोबा सकाळी फिरायला निघाले. शेजाऱ्यानं पोलिसांना फोन केला: एक बारीकसा काळा माणूस फिरतोय. पोलिसानं त्यांना जमिनीवर आपटलं आणि ते लुळे पडले. तो पोलीस निर्दोष सुटला. फोन करणाऱ्याला कोकणस्थ, देशस्थ, निमगोरा काही कळलं नव्हतं.

आता उपरोध पुरे. लाज वाटली मला त्या दिवशी, माझ्याच घरात, माझ्याच भाषेची. जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती या काळ्या लोकांना गुलामीतून सोडवण्यासाठी झटलेल्या अमेरिकेतल्या लोकांना. ते कधी अमेरिकेला आले नव्हते. पुण्यात बसून त्यांना जे दिसलं, ते तुम्हाला इथे न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये पंधरा वर्षं राहून दिसत नाही. विठ्ठलाचा काळा रंग बघून डोळे पाणावतात तुमचे, आणि त्याच रंगाचा माणूस शेजारी बसला की पर्स मांडीवर?

पुढच्या वर्षीही गणपती आमच्याकडेच आहे. तो मित्र येणार आहे, बायको-मुलांना घेऊन. ज्यांना जमत नाही त्यांनी येऊ नका. मोदक कमी करावे लागतील म्हणून आधीच कळवा.