धुमधडाका नक्की कुणाचा? (रात्री दीडचा रिसर्च)

आधीच सांगतो, पोस्ट लांब आहे आणि उपयोगाची अजिबात नाही. मुलांचा अभ्यास घ्यायचा असेल तर घ्या जावा.

गेल्या रविवारी रात्री बेळगावात मामांच्या कट्ट्यावर बसलेलो, मी, मामा आणि अण्णा. अण्णा म्हणजे आमचा गल्लीतला दोस्त, घरात कन्नड, बाहेर मराठी, आणि भांडताना दोन्ही. पाऊस असा की समोरची टपरी दिसेना, लाईट गेलेली, मोबाईल चिवड्याच्या डब्याला टेकवून ठेवलेला आणि त्यावर 'धुमधडाका'तला तो सीन लागलेला, लक्ष्या शरद तळवलकरांना भुताच्या पिक्चरची ष्टोरी सांगतो आणि म्हातारा खुर्चीतल्या खुर्चीत गारठतो, तो. शंभर वेळा बघितलाय, तरी हसू येतंच.

मामा मधेच म्हणाले, "हे मेहमूदचं आहे रे. खुर्चीत ओमप्रकाश असतोय."

अण्णा म्हणाला, "कुठलं मेहमूद मामा, हे आमच्या कन्नडातलं की! शंकर नाग आहे की त्यात."

आता मी गप्प बसेन काय. मी म्हटलं, महेश कोठारेनी डायरेक्ट केलेला पहिला पिक्चर, 1985, अशोक सराफचं ते व्याख्खी विख्खी वुख्खू, हे कुणाच्या बापाला सुचणाराय, ओरिजनल मराठीच. एवढ्या जोरात म्हटलं की मामी आतून ओरडली, काय झालं गा म्हणून.

मग काय, काढला मोबाईल. पहिली अडचण म्हणजे व्याख्खी विख्खी टाईप कसं करायचं? तिघांनी तीन स्पेलिंगं सांगितली आणि तिन्ही चालली, म्हणजे अख्ख्या महाराष्ट्राला ते नीट लिहिता येत नाही आणि गुगलला ते माहीत आहे. दुसरं, नुसतं धुमधडाका टाकलं की बँडवाले आणि फटाक्याची दुकानं येतात.

शेवटी सापडलं ते असं. मूळ पिक्चर तमिळ, 1964 चा, 'कादलिक्क नेरमिल्लै', म्हणजे प्रेमाला वेळ नाही. डायरेक्टर श्रीधर. दुसऱ्या वर्षी तो तेलुगूत झाला, आणि 1966 ला श्रीधरनीच हिंदीत केला, 'प्यार किये जा', किशोर कुमार, शशी कपूर, मेहमूद, ओमप्रकाश. ह्या कामाला मेहमूदला फिल्मफेअर पण मिळालेलं. मग 1979 ला कन्नड, 'प्रीती माडु तमाशे नोडु', आणि त्यात श्रीनाथ, द्वारकीश आणि होय, शंकर नाग. आणि मग सगळ्यात शेवटी, पंगतीला उशिरा आलेल्या पाहुण्यासारखा, 1985 ला आमचा धुमधडाका.

म्हणजे मी हरलो, अण्णा हरला, मामा जरा कमी हरले. दोन मिनिटं कुणी बोललं नाही. मग अण्णा म्हणाला, "तरी पण तुमच्या आधी सहा वर्षं की."

खरं तर इथंच मोबाईल ठेवायला पाहिजे होता. पण हा नाद दाताला सुपारी अडकल्यासारखा असतोय, जीभ तिथंच जाते. घरी येऊन अंथरुणात पडलो आणि शंकर नाग शोधायला घेतला. मराठीत 'शंकर नाग' टाकलं तर महादेव, पिंड आणि नागपंचमीची कथा! मग शाळेत तिसरी भाषा म्हणून रडत रडत शिकलेलं कन्नड कामाला आलं, एकेक अक्षर शोधत टाईप केलं आणि मग धो धो माहिती. टीव्हीवरची 'मालगुडी डेज' सिरीयल त्यानंच केली हे माहीत होतं, आगुंब्याला शूटिंग झालं हेही ऐकून होतो. पण माणूस मुंबईत मराठी नाटकांत रमलेला हे माहीत नव्हतं. आणि सगळ्यात भारी म्हणजे चाफेकर बंधूंवरचा '22 जून 1897' हा जो मराठी सिनेमा आहे, त्याच्या लिखाणात ह्याचा हात. तो पिक्चर आला कधी? 1979. म्हणजे ज्या वर्षी कन्नडात प्रीती माडुन तमाशा चालला होता त्याच वर्षी हा गडी मराठीत रँडच्या खुनाच्या पिक्चरवर काम करून मोकळा. 1990 ला दावणगेरेजवळ अॅक्सिडेंटमधे गेला, वय पस्तीस. आजही रिक्षांच्या मागे त्याचा फोटो असतो, त्या रिक्षांत बसून मी हजार वेळा स्टँडला गेलोय आणि एकदाही विचारलं नाही की हा कोण.

आता माझं मत, पटलं तर बघा. ह्याला लोक टाईमपास म्हणतात, बायको तर अजून वाईट शब्द वापरते. पण आमच्या बेळगावात, जिथं पाटीवर कुठली भाषा वर आणि कुठली खाली ह्यावरून आयुष्यं गेली, तिथं एकच गोष्ट दोन लिपींत शोधून बघा एकदा. मराठीत शोधलं तर मराठी पानं सांगतात सगळं आपलंच, कन्नडात शोधलं तर कन्नड पानं सांगतात सगळं त्यांचंच. कुमार गंधर्व घ्या. मराठीत ते आमचे, कन्नडात शिवपुत्र सिद्धरामय्या म्हणून त्यांचे, आणि जन्मगाव सुळेभावी इथून रिक्षानं जाता येईल एवढ्यावर. खोटं कुणीच लिहीत नाही हो, फक्त अर्धंच लिहितात. दोन्ही वाचता येणारी माणसं आमच्याकडं ढिगानं आहेत, पण आम्ही ती अक्कल फक्त बसचा बोर्ड वाचायला वापरतो.

आणि ते 'तुम्हाला माहीत आहे का' वाले रील्स तर बघूच नका. मागं तबला वाजतोय, फोटो झूम होतोय, आणि एकानं चुकीचं सांगितलं की चाळीस जण तेच वाचून दाखवतात. त्यापेक्षा जुनं पोस्टर शोधा, पिक्चरच्या सुरुवातीच्या पाट्या पॉज करून वाचा. डोळे दुखतात, पण निदान छापलेलं तरी असतं.

सोमवारी सकाळी अण्णाला '22 जून'चं सांगितलं, तर त्याला आनंद व्हायच्या ऐवजी त्यानं बदला काढला. म्हणाला, तुमचं ते बनवाबनवी पण हिंदीवरून आहे, बघ. बघितलं. खरं निघालं, 1966 चा हृषीकेश मुखर्जींचा 'बीवी और मकान'. धनंजय माने इथेच राहतात का म्हणत आम्ही मोठे झालो आणि माने आधी हिंदीत राहून आलेले! पण खाली वाचत गेलो तर कळलं की आमच्या 1988 च्या बनवाबनवीवरून 2003 ला कन्नडात एक पिक्चर झाला, नाव 'ओळु सार बरी ओळु'. म्हणजे थापा सर, नुसत्या थापा. मी लगेच स्क्रीनशॉट पाठवला. अण्णानं अंगठा पाठवला, नुसता अंगठा. हिशोब फिटला असं मी समजतो.

मामांचा मात्र एक प्रश्न राहिला. 'प्यार किये जा' त्यांनी बेळगावात नक्की कुठल्या थिएटरला बघितला? नवा असताना नव्हे, नंतर परत लागला तेव्हा. ते म्हणतात कॅम्पात, ग्लोबला. इंटरव्हलला शेंगा घेतल्याचं आठवतं, पुढची सीट मोडकी होती हेही आठवतं. काल संध्याकाळी परत कट्ट्यावर बसून शोधलं. बेळगाव, थिएटर, पिक्चरचं नाव, सगळं टाकून बघितलं. ह्या आठवड्याचे मल्टिप्लेक्सचे टायमिंग आले, आणि एक अॅप म्हणालं सीट बुक करा.

मामा म्हणाले, "असू दे रे. तुझ्या मामीला विचार, ती होती की बरोबर. लग्नानंतरचा पहिला पिक्चर आमचा."

आतून भाकरी थापायचा आवाज थांबला.

"मी नव्हते. मला तुम्ही जय संतोषी माँला नेलेलं, ते पण सासूबाईंना घेऊन."

अण्णा एकदम मोबाईलात डोकं घालून बसला. मामा थोडा वेळ पावसाकडं बघत राहिले, मग म्हणाले, "ते व्याख्खी विख्खी परत लाव बघू."