‘नवी चेन टाकूनही घाटात सटकते’ या अभिप्रायास दुकानातर्फे उत्तर

सप्रेम नमस्कार.

यवतेश्वरच्या चढावर उभे राहून सायकलचे पेडल मारताना आपली चेन सटकली, गुडघा हँडलवर आपटला आणि सोबतच्यांना कासकडे पुढे पाठवून आपणांस साताऱ्याला परत फिरावे लागले, हे वाचून मनापासून वाईट वाटले. झालेल्या त्रासाबद्दल मी दिलगीर आहे. मात्र एक स्टार देऊन आपण पुढे जे लिहिले आहे, की ‘बोगस चेन माथी मारली, ५०० रुपये उकळले आणि मूळ दोष शोधलाच नाही’, ते वाचून गप्प बसणे मला शक्य नाही. राजवाड्याजवळचे हे सायकलचे दुकान वडिलांच्या काळापासून लोकांच्या विश्वासावर चालत आले आहे आणि आजकाल नवे गिऱ्हाईक पायरी चढण्याआधी असेच अभिप्राय वाचते.

मूळ दोष शोधला होता, आणि तो आपणांस त्याच वेळी दाखवलाही होता.

आपण शनिवारी रात्री दुकान आवरायच्या वेळी आलात, तरी मी गाडी स्टँडवर घेतली. चेन सटकण्याची कारणे अनेक असतात. एखादी कडी आखडली असेल, तर चेनच्या प्रत्येक फेऱ्यात तीच कडी आली की झटका बसतो, आणि पेडल उलटे फिरवल्यावर डिरेलरच्या (गियर बदलणाऱ्या यंत्रणेच्या) छोट्या चाकांतून जाताना ती सरळ होत नाही, हे डोळ्यांनी दिसते. गियरची केबल सैल असेल किंवा डिरेलर ज्यावर बसतो तो हँगर वाकला असेल, तर बहुतेक गियरमध्ये कटकट येते आणि चेन शेजारच्या चक्रीवर (दातेरी चाकावर) चढू पाहते. फ्रीव्हीलच्या, म्हणजे मागच्या चाकावरच्या चक्र्यांच्या संचाच्या, आतले कुत्रे (चाकाला जोर देणारे खटके) झिजले असतील, तर चेन आणि चक्री फिरतात, पण चाकाला जोर लागत नाही. आपल्या गाडीत यांपैकी काहीच नव्हते. आपली तक्रार मधल्या दोन गियरमध्ये आणि तीही जोर लावल्यावरच होती, म्हणजे रोजच्या वापरातल्या चक्र्यांचे दात गेले असल्याचीच ती खूण होती.

त्यानंतर आपल्यासमोर पोलादी पट्टी लावली. चेनची प्रत्येक कडी अर्ध्या इंचाची असते, त्यामुळे २४ कड्या पिनपासून पिनपर्यंत बरोबर १२ इंच भरायला हव्यात. अर्धे सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) वाढले की चेन बदलावी; एक सूत वाढेपर्यंत थांबले, तर बहुधा फ्रीव्हीलही सोबत गेलेले असते. आपली चेन सूतभरापेक्षा जास्त वाढली होती. पावसाळ्यातला चिखल आणि त्यावर सोडलेले मोटारसायकलचे काळे ऑइल यांनी पिना आतून घासल्या जातात, लोखंड काही ताणले जात नाही. मधल्या चक्र्यांचे दात वाघनखासारखे एका बाजूला वाकलेले होते, आणि मी मोबाइलचा उजेड धरून ते आपणांस दाखवले.

आता ज्या एका गोष्टीचे मला खरोखर दुःख आहे, ती सांगतो. जुनी चेन आणि जुने दात एकमेकांबरोबर झिजलेले असतात, म्हणून ते कसेबसे जमवून घेतात. नवी चेन मात्र मापाला पक्की असते. तिचे रोलर त्या पसरट झालेल्या खाचांत नीट बसत नाहीत आणि जोर आला की दातावर चढून पुढच्या खाचेत उडी मारतात. म्हणूनच नुसती चेन टाकली तर आधीपेक्षा जास्त सटकेल, फ्रीव्हीलही बदलू या, ८५० रुपये होतील, असे मी स्पष्ट सांगितले होते. ‘फ्रीव्हीलचे पुढच्या महिन्यात बघू, उद्या पहाटे कासला निघायचे आहे, आज फक्त चेन टाका’, हे आपलेच शब्द आहेत. तेव्हा मी इतकेच म्हणालो की मागच्या दोन मोठ्या चक्र्यांचे दात चांगले आहेत, घाट त्यांवरच आणि बसूनच चढा. आपण मधल्या गियरवर उभे राहिलात, हे आपल्याच अभिप्रायात लिहिलेले आहे.

‘स्टँडवर तर व्यवस्थित फिरत होती’ असेही आपण म्हणता. स्टँडवर चाकावर भार नसतो, त्यामुळे झिजलेले दातही तिथे चेन सोडत नाहीत. मी समर्थ मंदिराच्या चढावर एक फेरी मारून येतो म्हणालो, तर आपणांस थांबायला वेळ नव्हता. पैशांचे म्हणाल, तर चेनचे ४२० आणि मजुरी ८० असा हिशोब होता, आणि किंमत छापलेला खोका जुन्या चेनसकट आपल्या पिशवीत ठेवला होता. ती जुनी चेन टाकून दिली नसेल, तर कोणत्याही मेकॅनिककडे नेऊन पट्टी लावून पाहा. बोगस माल विकतो हा शब्द मला फार लागला आहे.

यापुढे गिऱ्हाइकाने नको म्हटलेले काम बिलावर लिहून देण्याची काहीतरी व्यवस्था करू, आणि शनिवारच्या गर्दीचेही बघतो. आपण मधल्या वारी, शक्यतो सकाळी, गाडी घेऊन यावे. फ्रीव्हील बदलण्याची मजुरी घेणार नाही, पार्टचे पैसे मात्र द्यावे लागतील. आणि या वेळी चढावरची फेरी आपण स्वतः मारून, खात्री झाल्यावरच गाडी न्यावी.

आपला,
दुकानमालक