इको-सेन्सिटिव्ह गावात घरदुरुस्तीवर बंदी नाही

‘पश्चिम घाटाच्या इको-सेन्सिटिव्ह (पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील) यादीत गाव आलं की जमीन सरकारजमा, घराची कौलंही बदलता येणार नाहीत’ हा मेसेज परवा मीही पुढे पाठवला. चूक झाली. नंतर केंद्राचा ३१ जुलै २०२४ चा मसुदा वाचला. त्यात बंदी सुचवली आहे ती खाणी, दगडखाणी, वाळूउपसा, नवे औष्णिक वीजप्रकल्प, ‘लाल’ (सर्वाधिक प्रदूषणाच्या) गटातले नवे उद्योग आणि २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या नव्या बांधकामांवर. राहत्या घराची दुरुस्ती, वाढ प्रचलित कायद्यांनुसार करता येते. मालकीही आपलीच राहते. चिरेखाणीवर पोट असणाऱ्यांची काळजी मात्र खरी आहे, त्यावर जरूर भांडू. जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल तिथे हा टाका.